घरची साक्ष

रोज संध्याकाळी साडेसहाला नानासाहेब कंपनीतून घरी यायचा, उंबऱ्याबाहेर चपला काढायचा आणि तोंड उघडून उभा राहायचा. आत यायचा नाही. मग साळूबाई हातातलं काम टाकून दारात यायची, पदराला हात पुसायची, टाचा उंच करायची आणि म्हणायची, "हं, सोडा." नानासाहेब पोटातून वारा काढून "हाऽऽ" करायचा. साळूबाई डोळे मिटून वास घ्यायची. डब्यातल्या लसणाच्या चटणीचा, चहाचा, कधी कंपनीच्या गेटवरच्या भज्यांचा. बाकी कशाचा नाही अशी खात्री पटली की ती बाजूला सरायची. "या आत."

बघणाऱ्याला हसू यायचंच. मुकुंदवाडीच्या त्या गल्लीत आधी पोरं हसली, मग बाया हसल्या, आणि मग कुणी हसेनासं झालं, कारण साळूबाईला त्यांच्या हसण्याशी काही घेणंदेणं नव्हतं. अकरा वर्षं तिच्या नाकानं दुसराच वास घेतला होता. दारूचा, आणि त्यावर खाल्लेल्या बडीशेपेचा, इलायचीचा. एकदा तर ह्या माणसानं अर्धी ट्यूब पेस्ट खाल्ली होती आणि फेस गाळत दारात उभा राहून "आज मी एकदम कोरा" म्हणत होता. त्या नाकाला आता कुणी फसवू शकत नव्हतं.

"कशाला जाच करतीस त्याचा?" शेजारची दगडाबाई म्हणायची.

"जाच? मी काय त्यांना उलटं टांगलंय व्हय? तोंड उघडा म्हणते. पिताना उघडत होतेच की."

पण खरं सांगायचं तर ही रीत साळूबाईनं काढलेलीच नव्हती. व्यसनमुक्ती केंद्रातला महिना संपवून नानासाहेब घरी आला, त्या दिवशी तोच उंबऱ्यावर अडला. म्हणाला, "आधी हुंग. तुझा माझ्यावर विश्वास नाय, माझा बी नाय. हुंग आन मग आत घे." साळूबाईनं हुंगलं. मग स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात कुंकवाचं एक बोट टेकवलं. तेव्हापासून रोज एक हुंगणं आणि रोज एक बोट. आता त्याला येत्या रविवारी वर्ष होत होतं.

केंद्रात ह्याला वाढदिवस म्हणतात. तीन महिने झाले की टाळ्या, सहा महिने झाले की गुलाबाचं फूल आणि पेढा, आणि वर्ष झालं की पितळी बिल्ला. वर्ष मोजायचं ते घरी आल्या दिवसापासून. आत काढलेला महिना धरायचा नाही. आत दारू मिळतच नाही, त्यात कसली मर्दुमकी? आणि बिल्ल्याची एक अट होती. घरचं एक माणूस उठून सगळ्यांसमोर सांगणार, "वर्षभरात एकही दिवस प्यायले नाहीत, याला मी साक्षी आहे." ह्याला म्हणायचं घरची साक्ष. साक्ष नाही तर बिल्ला नाही, मग माणूस कलेक्टर का असेना.

बिल्ल्यापेक्षा मोठी गोष्ट दुसरीच होती. तनुजा येणार होती. नवऱ्याबायकोची ही एकुलती एक लेक. दहावीच्या वर्षी बापाच्या पिण्याला कंटाळून दप्तर उचलून फुलंब्रीला मावशीकडं गेली, ती तिथलीच झाली. आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. बाप केंद्रातून सुटला तेव्हा फोनवर एवढंच म्हणाली, "एक वर्ष पुरं होऊ दे आई. आणि तू स्वतः सांगितलंस तर मानीन. दुसऱ्या कुणी नाही." साळूबाईनं वर्षभर ते वाक्य उशाशी घेऊन झोप काढली होती.

मंगळवारी दुपारी तिनं कॅलेंडर भिंतीवरून उतरवलं. गेल्या साली गुंडाळून ठेवलेलं जुनंही काढलं. तनुजाला दाखवायचं होतं, की बघ बाई, एकेक दिवस बघ. पानं चाळत गेली. डिसेंबर भरलेला, जानेवारी भरलेला, उन्हाळा भरलेला. ऑगस्टावर येऊन बोट थांबलं. तिथं तीन चौकोन कोरे होते.

"अगं बया!" साळूबाई स्वतःशीच म्हणाली.

आठवायला वेळ लागला नाही. चंपाबाईचं, तिच्या बहिणीचं, ऑपरेशन झालं होतं. साळूबाई तीन दिवस फुलंब्रीला होती. चौथ्या दिवशी परत आली, त्या संध्याकाळी हुंगलं, साफ होतं, आणि पुढची बोटं परत सुरू झाली होती. तीन दिवस तिनं मनातूनच काढून टाकले होते. आणि त्यातला तिसरा चौकोन पोळ्याचा होता.

पोळा! गावाकडचे बैल सासऱ्यांच्या हयातीतच गेले होते, पण नानासाहेब पोळा सोडायचा नाही. बैल नाही तर नाही, तो आपला बाटलीनं पाळायचा. रोजचं पिणं नंतर लागलं, पण लग्न झाल्यापासून पोळ्याच्या दिवशी शुद्धीवर राहिलेला नवरा साळूबाईनं पाहिलेला नव्हता. ती कॅलेंडर तसंच पसरलेलं टाकून दगडाबाईच्या ओट्यावर गेली.

"मावशी, मी चंपाकडं गेले होते, ते तीन दिवस हे कसे होते?"

"आला होता की माझ्याकडं."

"तुमच्याकडं? कशाला?"

"तोंड हुंगायला!" दगडाबाईला हसता हसता खोकला लागला. "मी आपली मिश्री लावत बसलेली. हा समोर येऊन उभा. म्हणतो, मावशी, साळू गावाला गेलीय, तुम्ही हुंगा. म्हणलं, मुडद्या, लाज हाय का, म्हाताऱ्या बाईच्या तोंडापुढं तोंड आणतोस? तर म्हणतो कसा, हुंगा मावशी, नायतर मला आत जाता यायचं नाय."

साळूबाईला रडावं की हसावं कळेना. "मग?"

"मग हुंगलं. मिश्रीत मला कशाचा वास यायलाय? पर डोळे बघितले मी त्याचे. निवळ होते. दुसऱ्या दिशी बी आला, तसाच निवळ."

"आन तिसऱ्या?"

दगडाबाईनं मिश्रीचं बोट तोंडातून काढलं आणि ओट्याच्या कडेला पुसलं. "पोळ्याच्या दिशी नाय आला. मी पुरणाची पोळी घेऊन गेले त्याला. दार आतून लावलेलं, दिवा बी नाय. कडी वाजवली तर आत कायतरी हाललं, पर दार उघडलं नाय. मी तुला सांगणार नव्हते बाई."

"आता सांगितलं ना," साळूबाई म्हणाली आणि उठली.

घरी येऊन ती मोरीपुढं उभी राहिली. परतल्या दिवशी ही मोरी अशी लख्ख होती की तिला आपलीच वाटेना. फिनेलच्या वासानं डोळ्यांतून पाणी आलं होतं. किती कौतुक वाटलं होतं तिला! गल्लीभर सांगत फिरली होती, की माझ्या मालकानं मोरी घासली. आता मात्र तिच्या डोक्यात दुसरंच यायला लागलं. ज्या माणसानं वीस वर्षांत मोरीला हात लावला नाही, त्यानं नेमकी त्याच दिवसांत का घासावी? फिनेल कशाला ओततात? वास मारायला.

त्या संध्याकाळी नानासाहेब उंबऱ्यावर उभा राहिला. "हाऽऽ" झालं. वास साफ होता. पण साळूबाई बाजूला सरली नाही.

"पोळ्याच्या दिवशी दार का लावून घेतलं होतं?"

नानासाहेबाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग त्यानं ते मिटलं, इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाला, "नाय घेतली मी. तनुजाची शपथ."

साळूबाई घाबरली ती त्या शपथेला. प्यायलो म्हणाला असता तर एवढी घाबरली नसती.

कारण ह्या माणसाची एक खोड तिला पाठ होती. खरं बोलताना नानासाहेब कधी शपथ घालायचा नाही. कंपनीत आज काय झालं, कोण भेटलं, काय खाल्लं, हे सांगताना त्याला शपथ लागायची नाही. खोटं बोलायची वेळ आली की लेकीच्या डोक्यावर हात. तनुजा तिसरीत असल्यापासून त्यानं तिच्या किती शपथा घातल्या आणि किती मोडल्या, त्याला गणती नाही. चौथीत असताना पोरीनं एकदा तापात विचारलं होतं, "आई, पप्पांनी माझी शपथ खोटी घातली म्हणून मला ताप येतो का गं?" साळूबाई तेव्हा "नाही गं" म्हणाली होती. पण तिलाही खात्री नव्हती.

"पोरीला मधी आणू नका," ती म्हणाली. "दार का लावलं ते सांगा."

"अख्खं वर्ष काढलं मी! वर्ष! आन तू एका दिवसाला धरून बसलीस?"

"एका दिवसाची साक्ष मला द्यायचीय म्हणून धरून बसले."

नानासाहेब तिला वळसा घालून आत आला, पाणी प्यायला, भिंतीकडं तोंड करून बसला. त्या दिवसापासून घरात जेवणं झाली, डबे झाले, रोजचं हुंगणंही झालं, पण बोलणं तेवढं झालं नाही.

दगडाबाई आपल्या परीनं समजवायला आली. "अगं, दोन शब्द बोल की रविवारी. काय जातंय तुझं? रागानं परत प्यायला लागला म्हंजी?"

"मावशी, लागले तर माझ्या खऱ्यानं लागणार नाहीत. अकरा वर्षं ते माझ्या खोट्यावरच पीत होते."

हे काही ती उगाच बोलत नव्हती. अकरा वर्षं ती नवऱ्यासाठी खोटं बोलली होती. सुपरवायजरला सांगितलं, ताप आहे. भावाला सांगितलं, मोरीत घसरून पडले. शाळेत सांगितलं, पप्पा गावी गेलेत. कंपनीच्या रजेसाठी तिनं सासू दोनदा मारली होती, आणि सासू तिच्या लग्नाआधीच गेलेली! प्रत्येक खोट्यानं नवऱ्याला आणखी एक दिवस मिळायचा आणि तो त्या दिवशी प्यायचा. केंद्रात त्याला भरती करून रिक्षात बसली, तेव्हा तिनं मनाशी एकच गोष्ट पक्की केली होती. ह्या माणसासाठी इथून पुढं एक शब्दही खोटा बोलायचा नाही. मरणाच्या दारात असला तरी नाही. आता त्याच माणसासाठी, त्याच्या चांगल्या दिवशी, लेक घरी यावी म्हणून, खोटं बोलायचं? मग आधीच्यात आणि आताच्यात फरक काय राहिला?

पण लेक... रविवारी ती दारापाशी येऊन बसणार, आईच्या तोंडाकडं बघणार. साक्ष नाही दिली तर संध्याकाळच्या बसनं परत फुलंब्री. परत कधी येईल, देव जाणे. साळूबाईला हे कळत होतं. तरी शनिवारी तिनं भाकरीचं पीठ झाकून ठेवलं, चपला घातल्या आणि रिक्षा करून पडेगावच्या अंगाला केंद्रावर गेली.

केंद्र सांभाळणाऱ्या गजाला मॅडम सतरंज्या झाडून घेत होत्या. चष्मा डोक्यावर आणि तोच चष्मा शोधत होत्या. साळूबाईनं तो दाखवला आणि सगळं सांगितलं, कॅलेंडर, दगडाबाई, मोरी, शपथ.

गजाला मॅडम खाली सतरंजीवरच बसल्या. "ताई, वाटल्यास बिल्ला पुढं ढकलू. क्या जल्दी है? दोन-तीन महिन्यांनी करू."

"पोरगी उद्याच येणार हाय."

"मग?"

"खोटं बोलणार नाय मी."

"बोलू बी नका." गजाला मॅडमनी हॉलच्या पुढच्या जागेकडं बोट केलं. "उद्या तिथं पहिल्या लाइनीत नवीन लोक बसतील. कुणाला आठ दिवस झालेत, कुणाला चार. हात असे थरथरतात, की चहाची बशी धरवत नाही. हा बिल्ला नानासाहेबांसाठी थोडाच आहे, ताई? उन लोगों के लिए है. त्यांना उद्या कळलं की एक साक्ष खोटी होती, तर ते म्हणतील सगळंच खोटं."

"म्हणूनच आले. मी जेवढं बघितलं तेवढं बोलीन. जे नाय बघितलं ते त्यांनाच विचारीन. तिथंच."

"सबके सामने?" गजाला मॅडम दचकल्या. "माणूस मोडेल, ताई."

"मोडायचे असतील तर घरी मोडण्यापेक्षा इथं मोडू द्या. इथं सावरायला तुम्ही हायेत. घरी मी एकटीच असते."

गजाला मॅडम सतरंजीवरून उठल्या. मग म्हणाल्या, "या उद्या. अकरा वाजता."

रविवारी हॉल भरला. नानासाहेब कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसला होता आणि कुणाकडंच बघत नव्हता. दगडाबाई नवं लुगडं नेसून, आज मिश्री न लावता, साळूबाईच्या शेजारी बसली होती. पहिल्या रांगेत नवी माणसं होती, डोळे खोल गेलेली, अंगावर सारखीच शाल घेतलेली. त्यातला फकिरा नावाचा एकजण सारखा दाराकडं बघत होता. आठवा दिवस होता त्याचा. आणि मागं, अगदी दाराजवळ, तनुजा. मांडीवर मोठी बॅग, दोन्ही हातांनी तिचे बंद घट्ट धरलेले. बॅग खाली ठेवायला ती तयार नव्हती.

आधी फारूखचे सहा महिने झाले. त्याची बायको रईसा हिनं गुलाब दिला, पेढा भरवला. फारूख पेढा खाता खाता रडला, त्याला ठसका लागला आणि सगळा हॉल हसला. मग गजाला मॅडमनी नानासाहेबाचं नाव घेतलं आणि घरच्या साक्षीसाठी साळूबाईला उठवलं.

साळूबाई उठली. आवाज कापू नये म्हणून तिनं पदर मुठीत धरला.

"मी साळूबाई. रोज संध्याकाळी मी ह्यांचं तोंड हुंगते." पहिल्या रांगेत कुणीतरी हसलं. "हसा खुशाल, मी खोटं बोलायला आले नाय. तीनशे बासष्ट दिवस मी हुंगलंय. दारूचा वास आला नाय. दोन दिवस मी गावाला होते, तेव्हा ह्या दगडाबाईंनी ह्यांचे डोळे बघितले. साफ होते म्हणतात. एक दिवस राहतो, पोळ्याचा. त्या दिवशी मी नव्हते, दार आतून बंद होतं, आन मोरी फिनेलनं घासलेली होती. त्या दिवसाचं मला ठाऊक नाय. ज्यांना ठाऊक हाय त्यांनी सांगावं." ती नवऱ्याकडं वळली. "सांगा."

नानासाहेबाचा चेहरा पांढराफटक पडला. हा उठून निघून जातो की काय, असं साळूबाईला वाटलं, आणि तिचे डोळे भरून आले, पण ती खाली बसली नाही.

नानासाहेब उठला. शपथेला हात उचलला, तोंड उघडलं. "तनु..." एवढंच आलं. साळूबाईला पुढचा शब्द माहीत होता. नानासाहेबाची नजर माणसांवरून फिरत फिरत दाराशी गेली, बॅगेवर गेली, बॅग धरलेल्या हातांवर गेली. तो थांबला. उचललेला हात त्यानं हळूच खाली घेतला आणि शर्टावर पुसला.

"पोळ्याच्या दिवशी मी चपटी आणली होती," तो म्हणाला.

दगडाबाईच्या तोंडून "अगं माय" निघालं. मागं बॅगेचे बंद करकरले.

"सुट्टी होती. घरात कुणी नाय. सकाळपासून डोक्यात तेच. चार वाजता जाऊन आणली. दार लावलं, स्टुलावर ठेवली आन समोर बसलो. किती वेळ बसलो ठाऊक नाय. अंधार पडला तरी दिवा लावला नाय. झाकण फिरवलं. वास आला. तेवढ्यात मावशीनं कडी वाजवली, नाना, पुरणपोळी आणलीय म्हणून. मी दचकलो, पर उठलो नाय. दार उघडलं तर बाटली दिसंल. मावशी गेली. मग मला वाटलं, मावशीला तरी तोंड दाखवायला जाता आलं असतं, आता ते बी गेलं. उठलो आन मोरीत ओतली. ओतल्यावर घरभर वास सुटला! साळूचं नाक मला ठाऊक. ती म्हणंल प्यायला. मग फिनेल आणलं आन घासत बसलो. तीनदा घासली."

"मग मंगळवारी विचारलं तेव्हा का सांगितलं नाय?" साळूबाईनं विचारलं.

"प्यायलो नाय हे खरं. पर आणली होती हे बी खरं. अर्धं सांगावं तर ते खोटं, सगळं सांगायची हिंमत नाय." नानासाहेब थांबला. हात दोन्ही बाजूंना सोडलेले होते. "झालं ते असं झालं. दाखवायला माझ्याकडं काय नाय."

साळूबाई वाट बघत राहिली. आता येईल, आता येईल. देवाची, आईची, लेकीची. नानासाहेब नुसता उभा होता. शपथ आलीच नाही.

तिला फिनेल आठवलं. प्यायलेला माणूसही फिनेल ओततो आणि न प्यायलेलाही ओततो. मोरी काही बोलणार नव्हती. कॅलेंडरही बोलणार नव्हतं. ह्या एका दिवसाला तिचं नाक कामाचं नव्हतं.

ती पुढं वळली आणि तिचा आवाज आता कापला नाही.

"अकरा वर्षांत ह्या माणसानं अडचणीची गोष्ट बिनशपथेची कधी सांगितली नव्हती. आज सांगितली. त्या एका दिवसाला दुसरा पुरावा नाय, ह्यांचा शब्द हाय. तो मी खरा धरते. वर्षभरात एकही दिवस प्यायले नाहीत, याला मी साक्षी आहे."

टाळ्या लगेच वाजल्या नाहीत. त्याआधी पहिल्या रांगेतला फकिरा शाल सावरत अर्धवट उठला.

"दादा," त्याचा आवाज बसलेला होता. "झाकण उघडल्यावर बी ओतता येती?"

नानासाहेबानं त्याच्याकडं बघितलं. "येती. हात लई कापतो. पर येती."

फकिरा खाली बसला. त्यानंतर त्यानं दाराकडं बघितलं नाही. मग टाळ्या वाजल्या आणि गजाला मॅडमनी चष्मा डोक्यावरून काढून डोळे पुसले. साळूबाईनं पांढऱ्या शर्टाला बिल्ला लावला. पिन नीट बसेना, दोनदा बोटाला टोचली.

तनुजा मागून आली ती बॅग घेऊनच. बापासमोर उभी राहिली.

"पप्पा, माझी शपथ घालणार होता ना?"

"व्हय," नानासाहेब म्हणाला.

"मग?"

"तू समोर होतीस."

"मी नसले तरी घालू नका."

"नाय घालणार," नानासाहेब म्हणाला, आणि त्यावर आणखी काही बोलला नाही. तनुजानं बिल्ला वाकडा बसला होता तो सरळ केला. मग बॅग बापाच्या हातात दिली. "जड आहे. नीट धरा."

सोमवारी संध्याकाळी साडेसहाला नानासाहेब कंपनीतून आला, उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि तोंड उघडून उभा राहिला. साळूबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तनुजा शेजारी कांदा चिरत होती. साळूबाईनं मान वर केली, पण उठली नाही.

खरं सांगायचं तर उठावंसं लई वाटत होतं. पाय आपसूक सरसावले होते, नाक शिवशिवत होतं. दोन पावलांवर दार, एक "हाऽऽ", आणि रात्रीची झोप पक्की. तिनं हात पिठातच दाबून धरले.

"या आत," ती म्हणाली.

नानासाहेब गोंधळून तसाच उभा. "हुंगायचं नाय?"

"नाय."

"आगं पर..."

"तुमचं वर्ष झालं," साळूबाई म्हणाली. "माझा आज पहिला दिवस हाय. या आत, आन दार लोटून घ्या, धूर कोंडून माझ्या नाकाला काय कळलं नाय तरी चालंल."

तनुजा कांद्यानं की कशानं नाक ओढत हसली. नानासाहेबानं उंबरा ओलांडला. साळूबाईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि दुसरा उंडा हातात घेतला.